पोतं चार मीटरवर अडकलं

पावसाळ्याआधीची झाडछाटणी एप्रिल-मेमध्ये अंगावर येते, म्हणून चढणारी माणसं आम्ही फेब्रुवारीतच निवडतो. यंदा साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याजवळच्या एका आवारात प्रात्यक्षिक घेतलं. झाड होतं जुना रेन ट्री. पाच उमेदवार आले होते: दोघे ट्रेकिंगच्या ग्रुपमधले, दोघे बांधावरची झाडं तोडणारे आणि एक महाबळेश्वरकडचा, मध काढायला झाडावर चढणारा.

चढाईआधी ताडपत्रीवर सगळं सामान मांडायला लावतो. दोर बोटांतून वीत-वीत सरकवत तपासायचा, नुसत्या डोळ्यांनी नाही. एकाच्या दोरावर करंगळीएवढा पट्टा कडक आणि चकचकीत लागला. भरभर उतरताना पकडगाठीखाली, म्हणजे दोरावर सरकणाऱ्या आणि वजन आलं की आवळून धरणाऱ्या गाठीखाली, दोर तापतो, वरचे धागे वितळतात आणि थंड झाले की काचेसारखे गुळगुळीत होतात. त्या जागी गाठ धरत नाही. तो दोर आम्ही तिथेच बाजूला काढला. ब्रिटनमध्ये 1998 च्या नियमांप्रमाणे माणसाचं वजन पेलणारी साधनं दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यावी लागतात. आपल्याकडे कुणी विचारत नसलं तरी तो नेम पाळावा, वर रोज चढण्याआधी स्वतः तपासावंच.

ट्रेकवाल्यांनी कड्यावरचा, ताणणारा दोर आणला होता. पडणाऱ्याचा झटका शोषायला तो ताणतो, ते तिथे योग्यच. झाडावर मात्र दिवसभर दोरावर बसून काम असतं. दर ओढीला दोर ताणला तर दंड भरून येतात आणि माणूस फांदीवर स्थिर राहत नाही. इथे 12-13 मिमीचा, कमी ताणणारा दोर हवा.

लांबीचा हिशोब तर फळ्यावर लिहून ठेवावा असा आहे. दोर बेचक्यावरून दुहेरी येतो, म्हणून 25 मीटरचा दोर बेचक्याखाली साडेबारा मीटरच पोचतो. बेचकं 16 मीटरवर असेल तर जमीन साडेतीन मीटर राहिली असताना दोर संपतो. टोकाला आठाची गाठ नसेल तर ते टोक पकडगाठीतून निसटतं आणि माणूस खाली येतो. आम्ही 45 मीटरचा दोर सांगतो, आणि टोकाला गाठ असल्याशिवाय कुणाला जमीन सोडू देत नाही.

आमची पकडगाठ म्हणजे ब्लेक गाठ. तिच्यात चार वेढे वर चढवायचे, शेपूट, म्हणजे मोकळं टोक, खाली आणून दोराच्या मागून खालच्या दोन वेढ्यांखालून काढायची आणि शेपटीला पुन्हा आठाची गाठ मारायची. घाईत विसरते ती हीच शेवटची गाठ. ती नसली तर शेपूट हळूहळू आत ओढली जाते.

झाड बघायला मधवाल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. आडव्या जाड फांद्यांच्या पोटाला आग्यामोहोळ आहे का, हे त्याने लांबूनच पाहिलं. मग बुंध्याला अळंबी, ढोली, पिठ्या ढेकणाने सुकलेल्या फांद्या, जवळून जाणारी वीजवाहिनी. वाहिनी जवळ असेल तर महावितरणकडून ती बंद करून घेतल्याशिवाय चढायचं नाही. दोर अडकवल्यावर दोघांनी मिळून त्याला लटकून झोके दिले. जिवंत लाकडाचं मनगटापेक्षा जाड बेचकं हवं. गुलमोहर, शेवगा, पांगारा असेल तर त्याहून बरंच जाड, कारण ते लाकूड काही न सांगता मोडतं.

चढाईत बांधावरच्या एका पोराने सगळ्यांना मागे टाकलं. हात-पाय माकडासारखे हलके, फांदीच्या टोकापर्यंत जाऊन परत आला, दोर कुठे सैल पडला नाही. करवत हातात घेण्याआधी दोर आणि लॅनयार्ड (कमरेपासून खोडाभोवती घेतलेला आखूड दोर), असे दोन्ही आधार लावले. मला त्याचं काम मनापासून आवडलं होतं.

मग बचावाची परीक्षा आली. जुन्या हार्नेसमध्ये, म्हणजे चढणाऱ्याच्या कमर-मांड्यांच्या पट्ट्यांत, बांधलेलं 70 किलो वाळूचं पोतं आठ मीटरवर, कमरेचं लॅनयार्ड खोडाभोवती, असं लटकवलं होतं. खालच्याने 108 ला फोन करायचा, वरच्याने दुसऱ्या दोरावरून पोचायचं, पोतं आपल्या हार्नेसला छोट्या पट्ट्याने जोडायचं, त्याचा मूळ दोर मोकळा करायचा आणि दोघांचं वजन घेऊन सावकाश उतरायचं. हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं, म्हणून वेळ दवडायची नाही.

तो चटकन पोचला, जोडणी केली, मूळ दोर सोडला आणि उतरायला लागला. खोड खाली बरंच जाड होत जातं. चार मीटरवर पोत्याचं लॅनयार्ड खोडाला आवळलं आणि दोघंही थांबले. ते सोडायचं राहूनच गेलं होतं.

वजनाखाली आलेलं कॅराबिनर, म्हणजे दोर जोडायची धातूची कडी, उघडत नाही. त्याने दोनदा पोतं उचलून पाहिलं. 70 किलो लटकत्या हातांनी उचललं जात नाही. मग त्याचा हात सुरीकडे गेला. मी ओरडलो, "थांब, दादा!" ताणलेल्या दोराला पातं नुसतं टेकलं तरी तो तुटतो, आणि त्या क्षणी त्याचा स्वतःचा दोर पात्यापासून वीतभरही लांब नव्हता.

खरी चूक आमची होती. पोत्याला आम्ही दोन्ही टोकांना गाठ मारलेलं, ठरावीक लांबीचं लॅनयार्ड लावलं होतं. पकडगाठीने लांबी कमी-जास्त करता येणारं असतं, तर वजनाखालीही ती गाठ दाबून ते इंचाइंचाने सैल सोडता आलं असतं. शेवटी मधवाला शिडीने चढला. पोत्याच्या हार्नेसपासून त्याने वरच्या फांदीला पट्टा लावला, त्यात पायाचा फास करून सगळं वजन टाकत पोतं चार बोटं वर घेतलं, आणि कॅराबिनर उघडलं.

त्या संध्याकाळी ठरावीक लांबीची सगळी लॅनयार्ड आम्ही सामानातून काढून टाकली. पोराला पंधरा दिवसांनी परत बोलावलं. पोत्यापाशी पोचल्यावर छोटा पट्टा लावायच्याही आधी त्याचा डावा हात खोडामागे गेला, लॅनयार्ड चाचपत.