डावीकडे

शनिवार, रात्र. ओबोके, जपान.

झोप येत नाही. खाली योशिनो नदी वाहतेय, तेवढाच आवाज. जुन्या गाड्यांच्या रॅलीतल्या दुपारच्या पीसीत, म्हणजे ठरल्या क्षणाला रस्त्यावरच्या नळीवरून चाक नेण्याच्या चाचणीत, आमचा फरक ०.०८ सेकंदाचा निघाला. मी पाच ते एक, गो, योन, सान, नी, इची मोजत होते आणि बरोबर इचीला चाक नळीवरून गेलं. गाडी चालवणारे बुचो, आमचे विभागप्रमुख, लहान मुलासारखे खूश झाले. मीही व्हायला हवं होतं.

ती बाहुली नव्हती. आजी होती.

सकाळपासून हात हलवून खांदा भरून आला होता. सादामित्सुहून ४३८ क्रमांकाच्या रस्त्याने वर चढताना माणसं दारात येऊन उभी होती, कुणाच्या हातात कागदी झेंडा, कुणाच्या कडेवर नातू. आमची योताहाची, साठच्या दशकातली छोटी टोयोटा स्पोर्ट्स ८००, दिसली की म्हाताऱ्या माणसांचे चेहरे उजळतात, हे मी दर वेळी बघते. ७९० सीसी, दोनच सिलिंडर, घाटात बिचारी कण्हत होती. छप्पर काढून ठेवलेलं. मिनोकोशीला बोटं गारठली, त्सुरुगीचा डोंगर तांबडा-पिवळा झालेला. मग रस्ता ४३९. लोक त्याला योसाकु म्हणतात. एका गाडीपुरता रस्ता, एकीकडे कडा आणि दुसरीकडे दरी.

उतारावर नागोरो लागतं. बाहुल्यांचं गाव, मला चांगलं माहीत होतं. तरी रस्त्याकडेला बसलेल्या चौघांना मी हात केलाच. चौघंही बुजगावणी. अंगात वर्तमानपत्रं कोंबलेली, कपडे मात्र खऱ्या माणसांचे, वापरून विटलेले. पाखरं बियाणं खातात म्हणून तिथल्या एका बाईंनी आपल्या वडिलांच्या रूपाचं बुजगावणं शेतात उभं केलं, तिथून हे सुरू झालं. मग जी माणसं वारली, जी गाव सोडून गेली, त्यांच्या जागी एकेक बाहुली. शाळा २०१२ मध्ये बंद झाली, वर्गातही आता बाहुल्याच आहेत. आपल्या वाडीतही आता दिवे लागणारी घरं... जाऊ दे.

मला शरम वाटली. कुणी पाहिलं नव्हतं, तरी वाटली. हात रोडबुकावर, वाटेच्या खुणांच्या वहीवर, घट्ट धरून ठेवला. आता नाही हलवायचा.

आणि गाव मागे पडल्यावर, वळणावर, दगडी बांधावर ती बसली होती. गवती टोपी, गळ्यात टॉवेल, हातात पांढरे गुनते, कामाचे हातमोजे. अगदी त्यांच्यासारखी. मी पाहिलं आणि नजर रोडबुकात घातली. पुढे गेल्यावर का कोण जाणे, मान वळवली. तो पांढरा हातमोजा वर होता. हळूहळू हलत होता.

थांबायला जागा नव्हती, मागून गाड्या येत होत्या. हे खरं आहे. पण मी "थांबा" म्हटलंच नाही, हेही खरं आहे.

रात्री सगळे सोबा नूडल्सचं कौतुक करत होते, मला चवच कळली नाही. वाटत राहिलं, अकरा वर्षं झाली या देशात, आणि समोर बसलेलं जिवंत माणूस मला ओळखता आलं नाही. असा चांगला दिवस माझाच का नासावा. आईलाही फोन केला नाही. काय सांगणार होते?

शेवटी बुचोंना विचारलंच. बांधावर आजी होत्या, पाहिल्यात? "हो," म्हणाले, "मी मान लववली." इतक्या सहज, चहा ओतता ओतता.

म्हणजे आमच्या गाडीतून नमस्कार गेला होता. ऐकून हायसं वाटलं. तिने हात केला तो गाडीलाच असेल, तिच्या तरुणपणी रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीला. माझ्याकडे तिचं लक्षही नसेल. असू दे तसंच.

पण बुचो उजवीकडे बसतात. ती डावीकडे होती, माझ्या बाजूला, हात लांब केला असता तर टोपीला लागला असता इतकी जवळ.

आत्ता दिवा लावून रोडबुक उघडलं. नागोरोनंतरच्या कोमाझुत, वळणाच्या छोट्या चौकटीत, नुसता बाण आहे आणि अंतर. बाणाच्या बाजूला पेन्सिलने लिहिलं: डावीकडे बांध, आजी.