तुम्ही विचारलंत म्हणून : एसएसडी खराब निघाली का?

"भाऊ, नवीन एसएसडी टाकली अन् कॉम्प्युटर चालूच होऊन नाही राहिला. डिस्क खराब निघाली ना?"

एसएसडी म्हणजे जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपची वेगवान डिस्क. हा प्रश्न आर्णीतून येतो, समुद्रपुरातून येतो, सिंदेवाहीतून येतो. विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक आधीच ठरलेलं असतं. त्याला फक्त 'हो' ऐकायचं असतं, म्हणजे डिस्क परत नागपूरला धाडायला मोकळा. मी 'नाही' म्हणतो आणि तो नाराज होतो. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो.

खराब डिस्क निघतच नाही, असं मी म्हणत नाही. पाच-सातशे रुपयांत 'एक टीबी' म्हणून विकली जाणारी डबी उघडली तर आत मेमरी कार्ड चिकटवलेलं सापडतं. पण पक्क्या बिलावर घेतलेली, ओळखीच्या कंपनीची 240 जीबीची डिस्क पहिल्याच दिवशी मेलेली असणं फार कमी. केबल, बॅटरी नाहीतर बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डातल्याच प्रोग्रामची) सेटिंग, दोष बहुतेक वेळा इथेच असतो.

आधी केबल बदला. जुन्या डब्यातल्या लाल साटा केबलला (बोर्ड आणि डिस्क जोडणारी डेटाची केबल) पकडणारी पत्ती नसते, ती ढिली बसते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि सी-7 ही ओळ बघा, सीआरसी एररची, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाची. तो आकडा वाढत असेल तर दोष केबलचा किंवा पोर्टचा. आकडा मागे येत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर तो थांबला की नाही एवढंच पाहायचं. करंट एसएमपीएसच्या, म्हणजे डब्यातल्या पॉवर सप्लायच्या, स्वतःच्या साटा वायरीतून द्या. मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या जोडावरून साटा करणारे साच्यात ओतलेले स्वस्त जोड आतून शॉर्ट होऊन जळतात. स्क्रू एम-3चे, आखूड. जुन्या हार्ड डिस्कचे जाड स्क्रू या डबीला लावले की आटे जातात.

वेगाबद्दलही विचारता. एच-61 या जुन्या मदरबोर्डाचे साटा पोर्ट 3 गिगाबिटचे आहेत, म्हणून खोक्यावर 550 छापलेलं असलं तरी तुम्हाला सेकंदाला 270-280 मेगाबाइटच्या आसपासच मिळेल. ती डिस्कची खोट नाही, आणि रोजच्या कामात फरक कळतही नाही. जुनी डिस्क दर छोट्या फाइलसाठी 10 मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त घेत होती, ती वाट पाहणं संपतं. आणि या बोर्डासाठी एनव्हीएमईची, म्हणजे नव्या बोर्डांवर थेट बसणाऱ्या एसएसडीची, पट्टी घेऊच नका. तिला खाच नाही, आणि ॲडॉप्टर लावून बसवली तरी इतकं जुनं बायोस तिच्यावरून बूट होत नाही.

आता बॅटरी. बोर्डावरची नाण्याएवढी सीआर-2032. नवी असताना 3 व्होल्ट, दहा-बारा वर्षं जुन्या मशीनमध्ये बहुधा मेलेलीच. लाइन असेपर्यंत काही कळत नाही. लाइन गेली, यूपीएसचा जीवही संपला, की बायोस सगळं विसरतं. तारीख मागे जाते, म्हणून सरकारी पोर्टल 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतं. बूटचा क्रम बदलतो. आणि पुष्कळ जुन्या बोर्डांवर साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, नव्या एएचसीआयवरून परत जुन्या आयडीईवर जातो. विंडोज एएचसीआयमध्ये टाकलेलं असतं, ते निळा स्क्रीन देतं: इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस, विंडोज 7 असेल तर नुसता एरर कोड, शेवटी 7-बी असलेला. लोक म्हणतात, "लाइन गेली अन् एसएसडी उडाली." काही उडालेलं नसतं. बॅटरी बदला, मोड परत एएचसीआय करा, विंडोज जसंच्या तसं उठतं. मोड मुद्दाम बदलायचा असेल तर आधी विंडोजच्याच एमएसकॉन्फिग या सेटिंगमध्ये सेफ बूटची टिक लावा, मग बायोसमध्ये बदल करा, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या आणि टिक काढा. विंडोज 10 एवढ्याने सावरतं.

पण ज्या एका प्रकारामुळे हे सगळं लिहायला बसलो, तो वेगळाच आहे.

एका तालुक्याच्या गावातलं सेवा केंद्र. तिसऱ्या पिढीचा आय-3, एच-61 बोर्ड, 500 जीबीची जुनी डिस्क. 240ची एसएसडी लावून तिच्यावर नवीन विंडोज 10 टाकलं, आणि जुनी डिस्क डेटासाठी तशीच जोडलेली ठेवली. जवळजवळ सगळेच असं करतात. मशीन छान पळत होतं. मग जुलैअखेर, पीक विम्याच्या गर्दीत, जुनी डिस्क टकटक करू लागली आणि एका सकाळी बायोसमधून नाहीशी झाली. काळ्या स्क्रीनवर एकच ओळ, योग्य बूट डिव्हाइस निवडा. बाहेर लोक सातबारा अन् पासबुक घेऊन उभे. केंद्रचालकाचा समज साधा होता: विंडोज एसएसडीवर आहे, विंडोज येत नाही, म्हणजे एसएसडी गेली. ती काढून एका दुकानात नेली. दुकानदाराने एकटीच लावून पाहिली, बूट झाली नाही. त्याने फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून दिलं.

एसएसडी शाबूत होती. तिच्यावर विंडोज होतं, डेस्कटॉपवर शेतकऱ्यांची स्कॅन केलेली कागदपत्रं होती, भरलेल्या अर्जांच्या पावत्या होत्या. नव्हता तो फक्त बूटचा, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा, भाग. तो मेलेल्या डिस्कवर होता.

कारण असं. विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेली असली आणि तिच्यावर आधीचं 'सिस्टम रिझर्व्हड' पार्टिशन असलं, तर सेटअप बूटच्या फाइली तिथेच ठेवतो, एसएसडीवर वेगळं काही करत नाही. दोन्ही डिस्क जिवंत आहेत तोवर कुणाला पत्ता लागत नाही. त्या दिवशी विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करून दोन-चार आदेशांचं काम होतं. फॉरमॅटनंतर मात्र काहीच उरलं नाही. जुन्या हार्ड डिस्कवर चुकून क्विक फॉरमॅट झालं तरी डेटा बराचसा परत काढता येतो. एसएसडीला विंडोज फॉरमॅटच्या वेळीच ट्रिमचा आदेश देतं, डिस्क त्या जागा मोकळ्या समजते, आणि रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरला तिथे शून्यंच दिसतात. त्या पावत्या पुन्हा मिळाल्या नाहीत.

तुमच्या मशीनमध्ये हेच आहे का, ते आजच बघा. डिस्क मॅनेजमेंट उघडा. 'बूट' हा शब्द ज्या पार्टिशनवर दिसतो तिथे विंडोज असतं. बूटच्या फाइली असतात तिथे 'सिस्टम' लिहिलेलं असतं. नावं उलटी वाटतात, पण आहेत तशीच. 'बूट' एसएसडीवर आणि 'सिस्टम' जुन्या डिस्कवर दिसलं, तर तुमचं मशीनही त्याच वाटेवर आहे. डिस्क एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीच्या असतील तर उपाय सोपा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत टाइप करा: बी-सी-डी-बूट, एक जागा, सी-कोलन-बॅकस्लॅश-विंडोज, एक जागा, स्लॅश-एस, एक जागा, सी-कोलन. एंटर. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये एसएसडीच्या सी पार्टिशनवर राइट क्लिक करून ते ॲक्टिव्ह करा. मशीन बंद करा, जुन्या डिस्कची केबल काढा आणि सुरू करा. केबल काढून विंडोज आलं तरच काम झालं. पेनड्राइव्हवरून हेच करत असाल तर आधी ड्राइव्हची अक्षरं तपासा, तिथे सी बहुधा डी झालेलं असतं.

मग तुम्ही म्हणता, जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवून क्लोनच केलं असतं तर? पूर्वी मी क्लोनच्या विरोधात होतो. जुना कचरा नव्या डिस्कवर कशाला, नवीनच टाका, असं सगळ्यांना सांगायचो. ते म्हणणं मला अजूनही पटतं, पण लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या मशीनपुढे ते टिकत नाही. त्याच्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरची सीडी हरवलेली, लायसन्सची 'की' कुठल्या कागदावर लिहिली ते आठवत नाही, आणि सीझन तोंडावर. त्याला नवीन विंडोज देऊन मी काय देतो?

क्लोनचीही भानगड कमी नाही. 500चं 240वर घ्यायचं तर क्लोनझिला हे क्लोनचं सॉफ्टवेअर अडतं, त्याला तेवढी किंवा मोठी डिस्क लागते. आधी सी आकसावं लागतं, आणि हायबरनेशन, पेजफाइल (विंडोजच्या जागेवरून न हलणाऱ्या मोठ्या फाइली) बंद केल्याशिवाय ते निम्म्याच्या खाली सहसा येत नाही. पार्टिशन एक्सपीच्या काळातलं असेल तर ते 63व्या सेक्टरपासून सुरू होतं, त्या जागेच्या बाइटच्या आकड्याला 4096ने भाग जात नाही, आणि एसएसडी लिहिताना रखडते. क्लोन करताना फक्त सी उचललं आणि सिस्टम रिझर्व्हड मागे राहिलं, तर वर सांगितलेलीच गत. क्लोननंतर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढलेलीच हवी, दोघींची सही, म्हणजे विंडोज डिस्क ओळखतं तो नंबर, सारखी असते.

आणि क्रिस्टलडिस्कइन्फोतली सी-5 ही ओळ, पेंडिंग सेक्टरची, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागांची, शून्य नसेल तर क्लोन अर्ध्यात थांबेल. अशा डिस्कवर चेकडिस्क आर (विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करायचा आदेश) लावू नका. मरत्या डिस्कला ते शेवटपर्यंत खरवडत बसतं. लिनक्सवरून डीडीरेस्क्यू लावा. ते आधी चांगला भाग उचलतं, वाईट जागा नोंदवून ठेवतं आणि मग तिकडे वळतं. मे महिन्यात करत असाल तर पहाटे करा, डिस्कवर टेबल फॅन धरून. चंद्रपूरच्या उन्हात दुपारी आजारी डिस्क तासन् तास वाचणं म्हणजे ती मारणंच आहे.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, एवढं करण्यापेक्षा नवीनच घेऊ का. विंडोज 10चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला. मोजके अपवाद सोडले तर 11 अधिकृतपणे आठव्या पिढीच्या खाली इंटेलवर चालत नाही, म्हणजे तुमचा आय-3 बसत नाही. पत्रिका छापणाऱ्याला मी एसएसडी टाकायलाच सांगतो, ते मशीन इंटरनेटला न जोडताही चालतं. सेवा केंद्रवाल्याला काय सांगावं, ते मला ठरवता येत नाही. लिनक्स मिंट त्या मशीनवर मस्त चालतं, पण अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर बहुधा विंडोजचाच असतो. बँकेचे आणि आधारचे व्यवहार सपोर्ट संपलेल्या विंडोजवर करा, असं मी म्हणणार नाही. आणि पेरणीच्या तोंडावर नवीन मशीन घ्या, असंही त्याला तोंड वर करून सांगवत नाही.