नाण्यावरचं साल

गणपतीत वेंगुर्ल्यातल्या आमच्या सराफी पेढीवर चाकरमान्यांची गर्दी असते. कोणी मोड घालायला येतो, कोणी कानातलं बदलायला. गौरी गेल्यावर दोन भाऊ आणि त्यांची बहीण आले. आईच्या पेटीतले चांदीचे रुपये त्यांनी तीन रुमालांत बांधून आणले होते. वाटणी झालेली, प्रत्येकी सोळा. दोन वेगळी नाणी तेवढी बाजूला होती. माझ्याकडून हवी होती फक्त किंमत.

थोरल्याने आधी एक मोठं, जड नाणं पुढे केलं. "शेट, ह्यां १७८० चां. सगळ्यांत जुनां. आधी ह्येची किंमत सांगा."

ते ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिचं थालर, म्हणजे चांदीचं मोठं नाणं होतं. त्यांचे आजोबा आगबोटीवर खलाशी, एडनपर्यंत जायचे. तांबड्या समुद्राच्या व्यापारात हेच नाणं चालायचं. पण ही सम्राज्ञी १७८० साली वारली आणि पुढे तेच साल कायम ठेवून नाणी पाडत राहिले, दुसऱ्या महायुद्धात तर मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा. वजन २८.०७ ग्रॅम, चांदी ८३.३ टक्के. त्या चांदीचे पैसे नक्की मिळतील, १७८० चे वेगळे नाहीत. राणीछाप रुपयावरही १८६२ हे साल १८७४ पर्यंत तसंच येत होतं.

मग ताईंचा रुमाल सोडला. जवळजवळ सगळे १९४४-४५ चे, चकचकीत. "ताईक बरे बरे दिलेत," धाकटा म्हणाला. मनापासूनच म्हणाला. पण मला तिथे थांबणं भाग होतं. राणी, एडवर्ड, पंचम जॉर्ज यांचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. १९४० पासून वजन तेवढंच ठेवून चांदी ५० टक्क्यांवर आणली. म्हणजे भावांच्या एका रुपयात १०.६९ ग्रॅम चांदी आणि ताईंच्या एका रुपयात ५.८३. तराजूला हा फरक कळत नाही, बोटाला कळतो. जुन्या रुपयाच्या कडेला सरळ दाते असतात, नव्याच्या कडेला मधोमध खोबण आणि तिच्यात नक्षी. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, तरी सोळाला सोळा लावून बहिणीच्या पदरात जवळजवळ निम्मीच चांदी पडत होती. तिघांना विचारून मी रुमाल एकत्र केले.

संग्राहक देतो त्या किमतीचं मात्र वाईट वाटलं. आदल्या रात्री सगळी नाणी चिंच आणि रांगोळी लावून घासली होती. भिंगाखाली एडवर्डच्या गालावर बारीक ओरखड्यांचं जाळं दिसत होतं, दाढीचे केस बुजले होते. असं नाणं संग्राहक उचलतो आणि परत ठेवतो. काही रुपयांना माळेसाठी कड्या डाखलेल्या. कडी काढली तरी डाग जात नाही, मग उरते फक्त चांदी. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत नाणी काळी पडतात, पडू द्या. कळकळीने सांगतो, घासू नका.

एकच नाणं काळं राहिलं होतं. "तां आमचां नाय, खयच्यातरी परदेशी राजाचां," म्हणून त्याला कोणी हात लावला नव्हता. डोक्यावर गरुडाचं शिरस्त्राण घातलेला जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म, मागच्या बाजूला ताडापुढे सिंह. जर्मन पूर्व आफ्रिकेचा, म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जर्मन वसाहतीचा रुपया. त्या किनाऱ्यावर हिंदुस्थानी रुपया रुळलेला होता, म्हणून जर्मनांनीही वजन आणि कस तोच धरला. काळा थर सगळीकडे सारखा बसलेला, आयाळ स्पष्ट. लिलावात अशा नाण्यांना मिळालेले भाव मी मोबाइलवर काढून दाखवले. चांदीच्या किमतीच्या बरेच वर होते. थोरल्याने दोनदा वाचले.

कागदावर दोन रकाने केले, एक चांदीचा आणि एक संग्राहकाचा. कैसर ताईंनी मागितला आणि त्याबदल्यात आपल्या वाट्याचे काही राणीछाप सोडले. थालर थोरल्याकडे गेलं. बाकीच्या रुपयांची वाटणी मोजून नाही, त्यांतल्या चांदीवर केली. धाकटा एकेका नाण्याची कड चाचपून जुने-नवे वेगळे करून देत होता, एकदाही चुकला नाही. शेवटी त्या दिवशीचा चांदीचा भाव आणि तारीख घालून मी कागदावर तिघांच्या सह्या घेतल्या.