पाऊस चांगला झाला की सगळेच प्रकल्प पास

माझं काम नक्की काय असतं हे घरी कुणालाच नीट कळत नाही. आईला वाटतं मी शेतीखात्यात आहे, खालच्या मजल्यावरच्या काकूंना वाटतं मी गावोगाव कपडे वाटते. खरं म्हणजे मी अंधेरीत एका छोट्या ऑफिसात एसीत बसून एक्सेल बघते. गावात कुणीतरी शेततळी खोदतं, ठिबक बसवतं, कमी दिवसात येणारं बियाणं देतं, आणि तीनचार वर्षांनी पैसे देणारे आम्हाला विचारतात की यामुळे शेतकरी हवामानाच्या तडाख्यातून सावरायला लागला का, लागला असेल तर किती, आकडा द्या. आणि तो पण मार्चच्या आत.

आता समजा एखाद्या प्रकल्पाची बेसलाइन, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीची पाहणी, २०१८-१९ ला झाली. त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता, मराठवाड्यात कित्येक ठिकाणी रब्बीची पेरणीच झाली नाही. मग एंडलाइन, म्हणजे शेवटची पाहणी, आली २०२१-२२ ला, धो धो पाऊस, विहिरी काठोकाठ. उत्पन्न वाढलं! रिपोर्टच्या कव्हरवर हसरा शेतकरी, सगळे खूश. पण हेच जर २०२२ ला बेसलाइन आणि २०२३ ला एंडलाइन असं झालं असतं (ऑगस्ट २०२३ हा देशातला १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट, सोयाबीन ऐन फुलाशेंगांत असताना खंड पडला) तर तोच प्रकल्प, तीच माणसं, तीच शेततळी आणि रिझल्ट नापास. मग आपण मोजलं काय? पाऊस मोजला. तो तर आयएमडी, म्हणजे हवामान खातं, फुकटात मोजते.

यावर लोक म्हणतात की अहो आम्ही प्रकल्पाबाहेरची गावं पण घेतो ना तुलनेला. घ्या की, घ्यायलाच पाहिजेत. पण दोन्हीकडे पाऊस झक्कास असेल तर त्या तुलनेतून एवढंच कळतं की चांगल्या वर्षात कोण जास्त कमावतं. वाईट वर्षात कोण टिकतं हा प्रश्न वेगळा आहे, आणि पैसे तर त्याच नावाने आलेले असतात.

दुसरा प्रकार म्हणजे वस्तू मोजायच्या. किती शेततळी, किती बीबीएफ (रुंद वरंबा-सरीवर पेरणी करायची) यंत्रं, किती हेक्टर ठिबक. याचं मला आता हसू पण येत नाही. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं पावसाच्या पाण्याने भरतं असं कागदावर असतं, प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरतात. म्हणजे जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी वर आणून एकाच्या नावावर उन्हात ठेवायचं, त्यातलं काही वाफ होऊन जाणार, आणि शेजाऱ्याची विहीर महिनाभर आधी आटणार. आमच्या शीटवर मात्र शेततळं एक, टिकमार्क एक. ज्याचं तळं आहे तो सावरला हे खरंच आहे, मी नाही म्हणत नाही, पण गाव सावरलं का?

उत्पन्नाचं पण तसंच. जालन्याकडे मोसंबीवाले चांगल्या वर्षात कापूसवाल्याला मागे टाकतात. २०१२-१३ च्या दुष्काळात त्याच बागा वाळल्या, लोकांनी वाढलेली झाडं तोडून टाकली. कापूस गेला तर एक हंगाम जातो, बाग गेली तर नवीन लावून पुन्हा फळ धरेपर्यंत कितीतरी वर्षं. म्हणजे सरासरी उत्पन्न जास्त असलेला माणूस जास्त खोल पडू शकतो आणि सरासरीत हे कुठेच दिसत नाही. २०१४ मध्ये बॅरेट आणि कॉन्स्टास या दोन अभ्यासकांनी एक शोधनिबंध लिहिला होता, त्यात साधारण असं मांडलंय की तडाखे बसत असताना कुटुंब काळाच्या ओघात गरिबीत पडत नाही ना, हे बघा. एका दिवसाचा फोटो काढून हे दिसणार नाही हे उघड आहे. फंड देणाऱ्यांना मात्र फोटोच हवा असतो, दोन फोटो, आधी आणि नंतर, वजन कमी करण्याच्या जाहिरातीसारखे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेची (एफएओ) ही सावरायची ताकद मोजायची रीमा नावाची पद्धत आहे, ती जगभर वापरतात. मूलभूत सेवा, मालमत्ता, सामाजिक सुरक्षा आणि जुळवून घ्यायची क्षमता असे चार खांब धरून शेवटी ० ते १०० मध्ये एक आकडा काढतात. वाईट नाही. सामाजिक सुरक्षेचा खांब तर आपल्या आजी लोकांना न शिकवता कळतो, ७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन, रस्त्याच्या कामावर खडी फोडून जी माणसं तगली त्यांना रोजगार हमीचं महत्त्व मी काय सांगणार. पण तो एक आकडा गावात नेऊन दाखवला की कुणाला काहीच सांगता येत नाही. ५४ म्हणजे चांगलं की वाईट? मागच्या वेळी ५१ होते, बरं मग?

याउलट गावातल्या लोकांकडे स्वतःची मापं असतात आणि ती जबरदस्त असतात. बीड जिल्ह्यात धारूरकडे एका सर्व्हेला गेले होते, फॉर्मवरचे सगळे प्रश्न संपल्यावर चहा पिताना एक मावशी म्हणाल्या, "ताई, एवढं कशाला इचारताव, औंदा गावातून किती कोयते गेले ते इचारा की." कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारं जोडपं. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन दिवाळीच्या आसपास निघतात ते पार मार्च-एप्रिलपर्यंत. पाऊस गेला की कोयते वाढतात, त्यात पण दरवर्षी जाणारे वेगळे आणि पहिल्यांदा जाणारे वेगळे, पहिल्यांदा जाणाऱ्यांची संख्या कळली तरी माझं अर्धं काम झालं. उचल किती घेतली, पोरं बरोबर नेली की आजीजवळ ठेवली, बैल विकले का, विकले तर कधी परत घेतले, सोनं गहाण पडलं ते सुटलं का. धक्का किती खोल बसला आणि वर यायला किती महिने लागले, दोन्ही यातच आलं.

आणि हे बघायला नेहमी मराठवाड्यात जायला लागतं असं पण नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं तेव्हा नांदेड-लातूरकडची कुटुंबं घाटकोपरला भटवाडीच्या मैदानात झोपड्या टाकून राहत होती, सकाळी नाक्यावर कामाला उभी. पेपरात तेव्हा बातम्या, फोटो, पुढाऱ्यांच्या भेटी. माझ्या मते दुष्काळाचा सगळ्यात प्रामाणिक डेटा त्या नाक्यावर होता आणि प्रकल्पाच्या सर्व्हेत तीच घरं "कुलूप, उत्तरदाता उपलब्ध नाही" म्हणून गळतात. ज्याला सगळ्यात जास्त फटका बसला तोच सॅम्पलमधून बाहेर! उरलेल्यांची सरासरी काढली की गाव एकदम ठणठणीत दिसतं.

पावसाच्या मोजमापात पण घोळ आहेच. आपल्याकडे महसूल मंडळाला एक पर्जन्यमापक, मंडळात बरीच गावं. यंत्र जिथे आहे तिथे पाऊस पडला की बाकी गावं पण कागदावर भिजतात. सॅटेलाइटवर शेत हिरवं दिसतं पण शेंगा भरल्यात का ते दिसत नाही, आणि कधीकधी ते हिरवं म्हणजे नुसतं तण असतं.

मग करायचं काय. मलावीमध्ये २०१५ च्या पुरानंतर एका संस्थेने गावातल्याच माणसांकडून दर महिन्याला त्याच घरांना थोडे थोडे प्रश्न विचारायला सुरुवात केली, या महिन्यात काय तडाखा बसला, जेवण कमी करायला लागलं का, कर्ज काढलं का. कंटाळवाणं काम आहे पण त्यातून पडणं आणि उठणं दोन्ही दिसतं. आपल्याकडे हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं, पाऊस किती झाला ते बघून रब्बीला काय घ्यायचं ते गावच ठरवतं, शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. ते मोजमाप दुसऱ्याला दाखवायला नाही तर स्वतःचं पीक ठरवायला, म्हणून ते खोटं लिहीत नाहीत. आपल्या पोकरा प्रकल्पासाठी (राज्य सरकारचा, हवामानाच्या तडाख्यात टिकणाऱ्या शेतीसाठीचा) पवईच्या आयआयटीने गावाच्या पाण्याचा हिशोब करायची पद्धत बसवून दिली ती मला म्हणूनच आवडते, खोदायच्या आधी विचारते की इथे पाणी उरलंय तरी का.

सध्या एका प्रपोजलवर बसलेय. त्यात सर्व्हेच्या तारखाच टाकल्या नाहीत, लिहिलंय की तालुक्यात पावसाचा मोठा खंड पडला किंवा अतिवृष्टी झाली की त्यानंतर लगेच एक फेरी आणि मग वर्षभर दर महिन्याला फोन, आणि जे घर कुलूपबंद असेल ते कुठे गेलं ते शोधायला वेगळे पैसे, कारखान्यावर असो नाहीतर घाटकोपरला. फायनान्सकडून लगेच मेल आला की हा खर्च कोणत्या क्वार्टरमध्ये दाखवायचा. मी लिहिलं, माहीत नाही, राखीव ठेवा. तर म्हणे राखीव ठेवून नाही वापरला तर पुढच्या वर्षी बजेट कापतात. म्हणजे दुष्काळ नाही पडला तर माझे पैसे जाणार. सोमवारी त्यांच्याबरोबर मीटिंग आहे, बघू, निदान कुलूपबंद घरांची ओळ तरी वाचवते.