लंकेशाचा मुकुट: अरविंद त्रिवेदींचा रावण आणि आपल्याकडचे रावण

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या गावांत दसऱ्याला रावण जाळायची रीत फारशी नाही. आपला दसरा म्हणजे सीमोल्लंघन, आपट्याची पानं, हत्यारांची पूजा. रावण आपल्याला भेटतो तो यात्रेतल्या नाटकात, गणपतीपुढच्या सजीव देखाव्यात, नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरच्या चित्ररथात. आणि भेटतो तेव्हा त्याच्या चालीत, बघण्यात, हसण्यात अरविंद त्रिवेदी असतात. नट गुजराती, मालिका हिंदी, बघणारे निम्मे मराठी तर निम्मे कानडी. पण रावण कसा असावा यावर इथं दोघांचं एकमत आहे.

त्रिवेदींचा जन्म ८ नोव्हेंबर १९३८ चा, इंदूरचा. थोरले भाऊ उपेंद्र त्रिवेदी गुजराती रंगभूमीवरचं आणि सिनेमातलं मोठं नाव, आणि अरविंदभाईंचीही सगळी हयात गुजराती नाटक-सिनेमात गेली. रामानंद सागरांच्या ‘रामायण’साठी ते गेले होते केवटाच्या भूमिकेसाठी. वाचून परत वळले, आणि त्या वळण्यात, चालण्यात सागरांना लंकेश दिसला, असं ते स्वतः सांगत. मालिका २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ ला संपली. ७८ भाग, रविवारी सकाळी साडेनऊला. त्यात आपली माणसंही होती: दशरथ बाळ धुरी, कौसल्या जयश्री गडकर, मंथरा ललिता पवार, भरत संजय जोग. रावण कथेत उशिरा येतो, तरी आला की पडदा त्याचा होतो. पुढं १९९१ मध्ये साबरकांठ्यातून ते लोकसभेवर निवडून गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये, घटस्थापना दोन दिवसांवर असताना, मुंबईत ८२ व्या वर्षी गेले.

या मालिकेआधी आपल्याकडचा रावण वेगळा होता. दोड्डाटाच्या, म्हणजे उत्तर कर्नाटकातल्या कानडी लोकनाट्याच्या, राक्षसाची छाया त्याच्यावर असायची: तांबडंभडक तोंड, भलामोठा किरीट, उडी घेऊन प्रवेश, पायाचा दणका. ती शैली कमी दर्जाची मुळीच नव्हे. उघड्या माळावर, मागच्या माणसापर्यंत पोचायचं तर ते सगळं लागतंच. त्रिवेदींनी मात्र माणसाच्या रंगाचा रावण उभा केला. विद्वान, शिवभक्त, स्वतःच्या तेजानं आंधळा झालेला राजा. गोकर्णाला जाऊन आत्मलिंगाची कथा ऐकून आलेल्या आपल्या लोकांना रावण शिवभक्त होता हे नव्यानं सांगावं लागत नाही, म्हणूनही हा रावण इथं लगेच घरचा झाला असावा.

आता दुखणं. हा रावण उभा करताना आपली पोरं त्यातलं फक्त हसणं उचलतात. मुकुट चढला की हा हा हा सुरू, आणि दुसऱ्या प्रवेशाला घसा बसलेला. त्या हसण्याच्या आधीचं थांबणं कुणी उचलत नाही. जुने भाग आवाज बंद करून बघा. दरबारात रावण किती कमी हलतो ते दिसेल. मान सावकाश वळते, डोळे आधी पोचतात. ती शांतता आधी बसवली तर पुढचं एकच हसू मांडव हलवतं.

हसणं छातीतून काढायचं नाही, पोटातून. आधी नाकानं पूर्ण श्वास, मग मनात दोन आकडे थांबणं, मग एकाच श्वासावर तीन किंवा चार ‘हा’. शेवटचा ‘हा’ ओढायचा नाही, तोडायचा. श्वास संपल्यावर ताणून हसलं की घसा सोलतो, आणि तो त्या रात्री परत येत नाही. दोन तासांच्या नाटकात असं हसू तीनदा पुरे. मांडवात माईक वर टांगलेले असतात; हसण्याआधी पाऊलभर मागं व्हावं, नाहीतर कर्ण्यातून आवाज फाटून बाहेर पडतो आणि लोकांना नुसती खरखर ऐकू येते.

मुकुटाकडं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पत्र्याचा मुकुट दिसतो झकास, पण दीड किलोचं ओझं कपाळावर बसलं की अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागतं, आणि डोकं दुखणारा नट मान ताठ धरून एकाच दिशेला बघत राहतो. ५ मिलिमीटर जाडीच्या फोम शीटचा मुकुट करा, वरून सोनेरी रंग आणि लेस. वजन ४०० ग्रॅमच्या आत राहतं. उंची २५ सेंटिमीटरच्या वर नेऊ नये. ट्रॉलीनं गचका दिला की उंच मुकुटच आधी कलंडतो. माप भुवईच्या दोन बोटं वरून घ्यायचं आणि त्यात दोन सेंटिमीटर वाढवायचे, कारण आतून स्पंजची पट्टी येते. ती पट्टी सुती कापडात गुंडाळलेलीच हवी. उघडा फोम घामानं सरकतो, आणि मग ऐन सीताहरणात विंगेतून कुणीतरी ओरडतं, “दादा, मुकुट हलायलाय की!” नाडी हनुवटीखाली बांधू नये. बोलताना, हसताना जबडा खाली येतो आणि दर वाक्याला मुकुट पुढं ओढला जातो. कानामागून मानगुटीवर बांधली तर जागचा हलत नाही.

मिशीचंही तसंच. अखंड मिशी लावली की पहिल्याच हसण्याला मधोमध सुटते, कारण वरचा ओठ ताणला जातो आणि मिशी ताणत नाही. दोन तुकडे करावेत, नाकाखालच्या खळीत दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. दाढी सकाळीच करून घ्यावी. ऐन वेळी केलेल्या दाढीवर स्पिरिट गम, म्हणजे खोटे केस चिकटवायचा डिंक, झोंबतो. ओठावरचं तेल पुसून मिशीच्या जागेवर पॅनकेक (रंगभूषेचा मूळ रंग) न लावता गम लावायचा, बोटानं टपटप करत चिकट तार सुटेपर्यंत थांबायचं आणि मगच केस बसवायचे. ओल्या गमवर घाईनं दाबलेली मिशी घाम येताच घसरते. चेहऱ्याला तांबडा रंग नको. नटाच्या कातडीपेक्षा एक छटा गडद पॅनकेक, भुवया टोकाला किंचित वर नेलेल्या, कपाळावर भस्माची तीन आडवी बोटं. भस्म पावडर लावून झाल्यावर सगळ्यात शेवटी, म्हणजे फिकटत नाही.

मालिकेत रावण बहुतेक वेळ एकाच तोंडाचा आहे. पण चित्ररथात लोकांना दहा तोंडं लागतात, आणि तिथं हिशेब चुकतो. नटाचं मधलं तोंड धरून दहा, म्हणजे जोडायची नऊ: एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला पाच. प्रत्येक मुखवटा १०० ग्रॅमचा आणि १८ सेंटिमीटरच्या अंतरानं लावला, तर पाचवा मुखवटा मध्यापासून ९० सेंटिमीटरवर जातो आणि सगळा सांगाडा त्या बाजूला कलतो. तो सावरायला चारच्या बाजूच्या शेवटच्या मुखवट्यामागं, ७२ सेंटिमीटरवर, १२५ ग्रॅम वजन बांधायचं. वाळूची छोटी पिशवी चालते. सांगाडा बांबूच्या दोन कामट्यांचा, मुकुटाला जोडलेला कधीच नको. शाळेच्या दप्तरासारखे दोन पट्टे खांद्यावर आणि एक कमरेला, म्हणजे दोन-अडीच किलो भार पाठ घेते आणि नटाची मान मोकळी राहते. शेजारचे दोन मुखवटे चार-पाच बोटं मागं सारावेत, नाहीतर मान वळवताना मुकुट त्यांच्या गालावर आपटतो. सगळी रुंदी सहा फुटांच्या घरात जाते. गावातल्या मंडपाची विंग चार फुटांची असते. आडवं चालत आत यायचं, मग प्रेक्षकांकडं वळायचं. ह्या वळण्याची तालीम मुखवटे बांधूनच करावी.

शिवतांडवस्तोत्र परंपरेनं रावणाचं मानलं जातं, त्यामुळं ते म्हणायचा मोह प्रत्येक मंडळाला होतो. म्हणावंच, पण छंद समजून. पंचचामर आहे: चरणात सोळा अक्षरं, लघु-गुरु-लघु-गुरु. यति, म्हणजे थांबायची जागा, आठव्या अक्षरावर. ‘जटाटवीगलज्जल’ इथं टेकायचं, मग ‘प्रवाहपावितस्थले’. पहिल्या दोन चरणांत हे सरळ जातं. तिसऱ्यात आठवं अक्षर ‘मन्’ आणि पुढं लगेच ‘निनाद’. लिहिताना दोन्ही ‘डमन्निनाद’ असे एकमेकांत अडकलेले. तिथं श्वास घेतला की डमरू मोडतो. म्हणून दुसऱ्या चरणाच्या शेवटी भरपूर श्वास भरून तिसरा चरण एका दमात काढायचा. बहुतेकजण वेग वाढवून हे झाकतात आणि ‘डमड्डमड्डमड्डम’ची अक्षरंच गिळतात. मृदंगवाल्यासोबत पंधरा दिवस रोज दहा वेळा, संथ लयीत; वेग आपोआप येतो.

अशोकवनाच्या प्रवेशाबद्दल एक आग्रह. वाल्मीकींची सीता रावणाशी बोलताना मध्ये गवताची काडी ठेवते. आपल्या नाटकांत ती काडी बहुधा गायब असते आणि रावण सीतेच्या अंगावर धावून जातो. काडी आणा. खरं गवत मागच्या ओळीला दिसत नाही, त्यामुळं वीतभर लांब कडब्याचं धाट घ्या, ते दिव्यात चमकतं. रावणानं त्या काडीपासून तीन हात अलीकडं थांबायचं. थांबल्यावर एकदा तिच्याकडं बघायचं. एवढ्या थांबण्यानं प्रवेश उभा राहतो.

सजीव देखाव्यात संवाद आधी ध्वनिमुद्रित असतात आणि तोच प्रसंग रात्रभर दर वीस मिनिटांनी करावा लागतो. मुद्रण करतानाच रावणाच्या वाक्यांआधी तीन सेकंद रिकामे सोडा. ते नसले तर नट आवाजामागं धावत राहतो, ओठ उशिरा हलतात. आणि दोन रावण तयार ठेवा, दोघांच्या मापाचा मुकुट वेगळा.

‘रामायण’ २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनवर पुन्हा लागलं तेव्हा म्हातारे झालेले त्रिवेदी सीताहरणाचा प्रसंग बघताना हात जोडून बसलेले लोकांनी पाहिले. आयुष्यभर रामभक्त असलेल्या माणसानं एवढा पूर्ण रावण केला. भूमिकेत त्यांनी रामाला एकदाही मनातून माफी मागितल्यासारखं बघितलेलं दिसत नाही. लंकेश रामाला शत्रूच मानतो. हे आपल्या नटांना अवघड जातं. समोर गावचीच माणसं, रामाचं काम करणारा सख्खा चुलतभाऊ; मग नजर खाली जाते, वाक्य मऊ होतं. नमस्कार पडदा उघडण्याआधी करून घ्यावा. नटराजाच्या पूजेत, मुकुट चढवायच्या आधी.

खेळ संपल्यावर आधी सांगाडा उतरवावा, मग मुकुट, मिशी सगळ्यात शेवटी. मिशी ओढून काढू नये. खोबरेल तेलाचा बोळा कडेला पाच मिनिटं धरला की गम सुटतो, आणि केस विंचरून ठेवले तर तीच मिशी पुढच्या यात्रेलाही चालते.