विहिरीच्या पाण्याचा समुद्र

खारपाणपट्ट्यात जलरंगाचं काम करायचं तर पाणीही विकत घ्यावं लागतं. अमरावती, अकोला, बुलढाण्यातला पूर्णेच्या खोऱ्याचा हा भाग. भूगर्भातलं पाणी खारं. त्यात गडद निळा कालवला की वाळल्यावर वर पांढुरका थर येतो. म्हणून माझ्या भेटकार्डांच्या दुकानात रंगांसाठी आरोचा कॅन वेगळा ठेवलेला असतो.

नोव्हेंबर संपता संपता एक काकू आल्या. मुलगा नौदलात, विशाखापट्टणमला. ४ डिसेंबरला नौदल दिन, १९७१ च्या कराचीवरच्या हल्ल्याची आठवण म्हणून पाळतात तो. त्यासाठी मुलाला समुद्राचं कार्ड पाठवायचं होतं. मी नमुने दाखवले. बाजारात समुद्राच्या नावाखाली मिळणारे स्टिकर मला मुळीच आवडत नाहीत: हसरे डॉल्फिन, खजिन्याची पेटी, नारळाचं झाड. काकूंनाही आवडले नाहीत. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली.

"माहा पोरगा म्हंते, समुद्राचं पानी आपल्या हिरीवानीच खारं असते. मंग हेच पानी लावा न ताई."

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, विहिरीत त्याहून पुष्कळ कमी. तेवढ्याने कागदावर काही उमटणार नव्हतं. म्हणून पाणी गॅसवर आटवलं, खाली बसलेला चुना मलमलीतून गाळला आणि उरलेल्या दाट पाण्यात इंडिगो कालवला, त्यात किंचित तपकिरी. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, खरखरीत कागद घेतला. रंगाची चमक ओसरत असतानाच वर जाड्या मिठाचे दाणे टाकले. ही वेळ साधावी लागते. ओल जास्त असेल तर मीठ विरघळून जातं, कमी असेल तर नुसतं पडून राहतं. नेमक्या वेळी दाणा भोवतालचं पाणी ओढतो आणि तिथे फिकट चांदण्या उठतात.

लाटा कात्रीने कापल्या नाहीत. रंगवलेली बाजू वर ठेवून कागद स्वतःकडे ओढत फाडला, की मागे राहणाऱ्या तुकड्याला आतला पांढरा गाभा किनारीसारखा सुटतो. तोच फेस. लाटांच्या तीन पट्ट्या फोम टेपवर उचलून लावल्या आणि मधली घडी रिकाम्या रिफीलने रेघ ओढून पाडली. काकूंच्या बाटलीतल्या क्षारांनी गडद निळ्यावर धुरकट झाक आणली. विकतच्या पाण्याने तशी झाक मला कधी साधलेली नाही.

काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याच पान्यानं आमची संत्र्याची झाडं वाळली न जी. म्हनून तर थो गेला." त्या पट्ट्यात ओलिताची शेती करू पाहणाऱ्या किती घरांची हीच गोष्ट आहे! निवडणूक आली की गोड्या पाण्याच्या योजनांचे फलक मात्र चौकाचौकात लागतात.

आत काय लिहू, विचारलं. "काई नको. त्याले समजते."

जाड कार्ड टपालात शिक्क्याखाली चेपतं, म्हणून दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावून स्पीड पोस्ट केलं. ते पोचलं. पण मीठ हवेतली ओल धरतं आणि विशाखापट्टणमची हवा दमट. वर वार्निश मारलं असतं तर रंग टिकला असता, पण ती धुरकट झाक गेली असती. मी मारलं नाही. बरोबर केलं का, हे अजून ठरत नाही. मुलगा सुट्टीवर येईल तेव्हा कार्ड सोबत आणायला सांगा, असं काकूंना म्हणून ठेवलंय. रंग कुठवर पसरलाय ते मला बघायचंय.