पोरीच्या शाळेचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. "गाडीत राहता ते ठीक, पण पोरीच्या शाळेचं काय?" हा प्रश्न मला टोलनाक्यावर, दवाखान्यात, माहेरच्या लग्नात, सगळीकडे येतो. सासूबाई तर प्रत्येक फोनला, "शाळंचं काय करणार हायसा?" हे विचारल्याशिवाय ठेवत नाहीत. काळजीपोटी विचारतात सगळे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

आधी आमचं गाडीत राहणं कसं सुरू झालं ते सांगते. नवरा वेल्डर. बेळगावच्या उद्यमबागेत काम शिकला, आता साखर कारखान्यांची कामं घेतो. गाळप चालू असताना मिलच्या रोलरचे दाते झिजून गुळगुळीत होतात, उसाची पकड सुटते आणि रस चोथ्यातच राहतो. मग फिरत्या रोलरवर वेल्डिंगचे थेंब टाकून तो खरबरीत करायचा. त्याला आर्किंग म्हणतात. हंगाम संपला की अख्खी मिल उघडून दुरुस्ती. म्हणजे काम बारा महिने, पण आज संकेश्वर, उद्या निपाणी, मग चिकोडी, उगार, अथणी. लग्नानंतर मी येळ्ळूरला आणि तो कुठल्यातरी कारखान्याच्या खोलीत, असं चाललं होतं. मुलगी बोलायला लागली तरी बाप घरी आला की माझ्या पदराआड लपायची. ते त्याला सहन होईना. एका पावसाळ्यात त्यानं चौकोनी पाइप आणले आणि ट्रेलर बांधायला घेतला.

ट्रेलर 14 फूट लांब, साडेसहा फूट रुंद. बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड, मध्ये थर्माकोल, छपरावर सोलरच्या दोन प्लेटा आणि पाण्याची टाकी. ओढायला जुनी बोलेरो. ट्रेलरची आरटीओत वेगळी नोंद आहे, त्याला स्वतःचा नंबर आहे. गॅससाठी 5 किलोचा छोटा सिलिंडर वापरतो. तो घ्यायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. आमच्यासारख्यांना याचा केवढा आधार आहे, ते एका जागी राहणाऱ्यांना कळणं कठीण आहे.

नव्या जागी पोचलो की पहिलं काम पाणसळ लावायची. चारही कोपऱ्यांखाली जॅक देऊन, बुडबुडा मधोमध येईपर्यंत नवरा वर-खाली करत राहतो. मी आतून ओरडून सांगते. जमीन जराशी जरी कलती राहिली तरी तव्यावरची आंबोळी एका बाजूला ओघळते, एक कड जाड आणि दुसरी करपलेली. मुलीला हे इतकं पाठ झालंय की पहिली आंबोळी गोल झाली की ती खिडकीतून बापाला हात करते, म्हणजे जॅक आता हलवू नका.

जागा निवडताना आम्ही आधी म्हाताऱ्या माणसांना गाठतो. "2019 ला पाणी कुठवर आलं होतं?" असं विचारलं की ते भिंतीवरची खूण दाखवतात. त्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगा थेट महामार्गावर आली होती. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, कृष्णा, एवढ्या नद्यांच्या मुलखात चाकावर राहायचं तर पुराची रेघ ठाऊक असायलाच हवी. खर्चाचं विचाराल तर भाड्याच्या घरापेक्षा फार स्वस्त पडतं असं नाही. टायर आणि डिझेल बरंच खातात.

तर शाळा. मुलगी अजून अंगणवाडीच्या वयाची आहे. जिथं जातो तिथल्या अंगणवाडीत मी पहिल्याच सकाळी तिला घेऊन उभी राहते, आणि आजवर कुणी दारातून परत पाठवलेलं नाही. हुक्केरीकडच्या अंगणवाडीत बाई कन्नड बोलणाऱ्या. पोरगी दोन आठवड्यांत "अक्कोरु, नीर कोड्री" म्हणून पाणी मागायला लागली. निपाणीकडं गेलो की तिथल्या ताईंशी मराठीत भांडते. संध्याकाळी बाप कामावरून आला की दिवसभराचा हिशेब त्याला देते, कोण रडलं, कुणी कुणाचा डबा सांडला, सगळं. तिचं बालपण बापाच्या डोळ्यांसमोर जातंय. ट्रेलर बांधला तो यासाठीच.

येत्या जूनपासून ती पहिलीला. तेव्हा ट्रेलर संकेश्वरजवळ उभा राहील आणि शाळा चालू असेपर्यंत हलणार नाही. निपाणी, चिकोडी, हुक्केरी नवऱ्याला मोटरसायकलवरून करता येतं. उगार-अथणीची कामं तो सुट्टीत घेईल किंवा सोडून देईल. तिला सरकारी मराठी शाळेत घालायचं ठरलंय. घरची भाषा पक्की होईल आणि शाळेत कन्नडही शिकवतातच, राहायचं या मुलखात आहे तर दोन्ही यायला हव्यात. झालं, आमच्या पोरीच्या शाळेचं उत्तर एवढंच आहे. आम्हाला ते देता येतं, कारण कुठं थांबायचं हे आमचं आम्ही ठरवू शकतो.

पण तुम्ही विषय काढलाच आहे, तर जे मला रोज दिसतं तेही सांगते. आमच्या भागाला चाकावरचा संसार नवा नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला, चिंचलीच्या मायाक्काला बैलगाड्या जुंपून अख्खी घरं जातात, गाडीखालीच चूल मांडतात. धनगर मेंढरं घेऊन लेकराबाळांसकट रान बदलत राहतात. आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतात, पार बीडकडून सुद्धा. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, ती फिटेपर्यंत परतायचं नाही. कारखान्याच्या यार्डापलीकडच्या माळावर त्यांच्या कोप्या पडतात, ताडपत्रीच्या आणि पाचटाच्या झोपड्या. आमचा ट्रेलर तिथून हाकेच्या अंतरावर असतो. धुराड्याची काजळी त्यांच्या दोरीवरच्या कपड्यांवर पडते तशीच आमच्याही.

त्या कोप्यांत पोरं असतात. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात. सात-आठ वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर कोपी राखते, पाणी भरते, वाढ्यांची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची, पेंढी बैलांपुढं टाकते. मला शाळेचं विचारणारी माणसं त्याच रस्त्यानं येतात-जातात, आणि त्या पोरीच्या आईला हा प्रश्न कुणी विचारत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. राग येतो, असंच म्हणते.

मागच्या हंगामात अशीच एक मुलगी माझ्या मुलीशी खेळायला यायची. गावी तिसरीत होती, दसऱ्यानंतर शाळा सुटलेली. तिच्या आईला विचारलं तर म्हणाली, "दाखला नाही, कोण घेईल?" माझं शिक्षण बारावीपर्यंतचं, पण हे मला ठाऊक होतं. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. शाळा बदलताना जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. जन्माचा दाखला नाही म्हणूनही नाही, वर्षाच्या मध्येच आली म्हणूनही नाही. आणि सीमाभागात तर बऱ्याच गावांत सरकारी मराठी शाळा सापडते. कर्नाटकातली पुस्तकं वेगळी असतील, पाढे तेच आहेत.

मी आणि तिची आई शाळेत गेलो. मुख्याध्यापक बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि वर्गात बसवलं. दुपारचं जेवण तिथंच मिळायला लागलं. धाकट्या भावाला मी मुलीबरोबर अंगणवाडीत सोडायची, कारण त्याची सोय झाल्याशिवाय ती सुटणार नव्हती. हे लक्षात ठेवा. कडेवरचं पोर कुठं ठेवायचं हे आधी सोडवावं लागतं, दाखल्याचं त्यानंतर. मार्चमध्ये ट्रॅक्टर निघाला तेव्हा बाईंनी तिच्या हजेरीचं पत्र लिहून दिलं, गावच्या शाळेत दाखवायला. ते पिशवीत न टाकता तिनं दप्तरातल्या वहीत घातलं.

यंदा मोळी पडायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या, आधीच मी त्या बाईंना आणि अंगणवाडीताईंना भेटून ठेवणार आहे. किती पोरं येतील याचा अंदाज मुकादमाला असतो, त्यालाही फोन करणार आहे. तुमच्या गावाशेजारी कारखाना असेल आणि माळावर कोप्या दिसल्या, तर मला विचारता तोच प्रश्न तिथं जाऊन विचारा. दुपारी जाऊ नका, सगळे फडात असतात. संध्याकाळी, चुली पेटल्यावर जा.